स्तनांच्या तपासण्या : कोणती, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

या महिन्याच्या सदरासाठी आलेल्या पत्रांत स्तनांच्या तपासणीविषयीची पत्रे इतकी आहेत की हे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे, असे मी ठरवले. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता केवळ जिल्हे दिले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समजूत दिसते : तपासण्यांची एक उतरंड असते, सर्वांत महाग तपासणी सर्वांत वरची असते आणि ती केली की बाकीच्यांची गरज उरत नाही. प्रत्यक्षात मॅमोग्राफी (स्तनाचे क्ष-किरणांनी काढलेले चित्र), सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी केलेली तपासणी) आणि एमआरआय (चुंबकाच्या साहाय्याने काढलेले चित्र) यांपैकी प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न चुकीच्या तपासणीला विचारला, तर पैसे जातात आणि उत्तरही मिळत नाही. तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे ज्या भागात रोजचे वास्तव आहे, तेथे हा क्रम समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. पत्रावरून दिलेली उत्तरे प्रत्यक्ष हाताने तपासणाऱ्या डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाहीत, एवढे कृपया लक्षात ठेवावे.

प्रश्न (लातूर) : माझे वय ४६ असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. काहीही त्रास नसताना मैत्रिणींच्या आग्रहावरून मी मॅमोग्राफी करून घेतली. यंत्रात स्तन इतका दाबला गेला की डोळ्यांत पाणी आले. त्याआधी मंगळसूत्र काढून ठेवायला सांगितले, तेही मनाला लागले. आता अहवालात ‘दाट स्तन, बाय-रॅड्स ०’ असे लिहून सोनोग्राफी करण्यास सांगितले आहे. शून्य म्हणजे काही नाही, की काहीतरी आहे? सोनोग्राफी करायचीच होती, तर आधी मॅमोग्राफी कशासाठी केली? थेट एमआरआय केले असते, तर सगळे एकदाच उरकले नसते का?

उत्तर : ताई, आधी शून्याचा अर्थ सांगते, कारण तुमची झोप त्यामुळेच उडालेली असणार. बाय-रॅड्स ही स्तनांच्या तपासणीचा निष्कर्ष लिहिण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत असून तिच्यात ० ते ६ असे वर्ग आहेत. १ म्हणजे काहीही आढळले नाही आणि २ म्हणजे जे आढळले ते निश्चितपणे साधे आहे. ३ म्हणजे ते बहुधा साधेच आहे, पण लक्ष ठेवावे लागेल. ४ म्हणजे शंकास्पद, ५ म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता आणि ६ म्हणजे बायोप्सीने, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीने, कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे. शून्य या चढत्या क्रमात बसत नाही. एवढ्या चित्रांवरून मत देता येत नाही, आणखी माहिती हवी, इतकाच त्याचा अर्थ आहे. अमेरिकेतील अनुभव असा आहे की नियमित मॅमोग्राफी करणाऱ्या दहा स्त्रियांपैकी साधारण एकीला पुढील तपासणीसाठी परत बोलावले जाते आणि अशा परत बोलावलेल्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो. म्हणून घाबरू नका, मात्र सोनोग्राफी टाळूही नका. शून्यावर थांबलेली तपासणी ही अर्धवट राहिलेली तपासणी होय.

‘दाट स्तन’ हा आजार नव्हे. स्तनात चरबी असते, तसे दुधाच्या ग्रंथींचे आणि तंतूंचे ऊतकही असते. हे दुसरे ऊतक अधिक असेल, तर स्तन दाट म्हणतात. तरुण वयात आणि पाळी सुरू असताना ते सर्रास आढळते. मॅमोग्रामवर चरबी काळसर आणि ग्रंथींचे ऊतक पांढरे दिसते, पण अडचण अशी की कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. कापसाच्या ढिगात पडलेला पांढरा दोरा शोधावा, तसे ते काम होते. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सोनोग्राफीत ग्रंथींचे ऊतक उजळ आणि बहुतेक गाठी गडद दिसतात, त्यामुळे मॅमोग्रामवर झाकले गेलेले तेथे उघड होऊ शकते. शिवाय गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव आहे, हा फरक सोनोग्राफी जितक्या सहज दाखवते, तितका मॅमोग्राम दाखवू शकत नाही.

मग आधी मॅमोग्राफी का, तर कर्करोगाच्या अगदी सुरुवातीच्या काही प्रकारांत गाठ झालेलीच नसते. दुधाच्या नलिकांत कॅल्शियमचे अतिशय बारीक कण साचतात आणि त्यांचा पुंजका कसा पसरला आहे, यावरून शंका येते. हे कण मॅमोग्रामवर स्पष्ट दिसतात, सोनोग्राफीत मात्र बहुधा दिसत नाहीत. कर्करोगाशी या कणांचा असलेला संबंध उरुग्वेमधील रेडिओलॉजिस्ट राउल लेबोर्न यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ठळकपणे मांडला आणि चित्र काढताना स्तन दाबून धरण्यावर भरही त्यांनीच दिला. तुम्हाला झालेल्या वेदनेचे कारण त्यात आहे. स्तन दाबून पातळ केला की एकावर एक आलेले ऊतक पसरते, चित्र हलत नाही आणि क्ष-किरणही कमी लागतात. हा दाब काही सेकंदांचाच असतो आणि त्याने गाठ होत नाही किंवा फुटत नाही. पुढच्या वेळी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात वेळ घ्या. त्या दिवसांत स्तन कमी दुखरे असतात.

मंगळसूत्राविषयी तुम्ही लिहिलेत ते बरे झाले, कारण अनेक जणी याच गोष्टीने अवघडतात आणि बोलत मात्र नाहीत. सोन्याची आणि काळ्या मण्यांची सावली चित्रात नेमकी काखेच्या व छातीच्या भागावर पडते आणि मग तीच चित्रे पुन्हा काढावी लागतात. ते पाच-दहा मिनिटांपुरतेच काढायचे असते. ते सोबत आलेल्या बहिणीच्या किंवा सासूबाईंच्या हाती द्यावे. तंत्रज्ञ महिलाच असावी, असा आग्रह धरण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यातील कण चित्रात कॅल्शियमच्या कणांसारखे दिसू शकतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामोळ्याची पावडर लावूनच स्त्रिया येतात आणि ही सूचना त्यांना आधी कोणी दिलेली नसते.

एमआरआयविषयी सांगायचे, तर ही अतिशय संवेदनशील तपासणी आहे आणि तीच तिची अडचणही आहे. शिरेतून गॅडोलिनियम हे औषध देऊन काढलेल्या या चित्रांत कर्करोग दिसतो, तसे अनेक निरुपद्रवी बदलही उजळून दिसतात, आणि मग प्रत्येकाचा माग काढण्यासाठी आणखी तपासण्या व बायोप्सी कराव्या लागतात. सर्वसाधारण जोखीम असलेल्या स्त्रीला यातून फायद्यापेक्षा मनस्ताप अधिक होतो. तुमच्या बाबतीत सोनोग्राफी हेच पुढचे योग्य पाऊल आहे. जाताना मॅमोग्रामचा केवळ कागदी अहवाल नव्हे, तर फिल्म किंवा सीडी न्या.

प्रश्न (परभणी) : माझ्या २३ वर्षांच्या मुलीला उजव्या स्तनात बोराएवढी गाठ लागली आहे. दाबली की ती सरकते, दुखत नाही. डॉक्टरांनी केवळ सोनोग्राफी सांगितली. नातेवाईक म्हणतात, छत्रपती संभाजीनगरला नेऊन मॅमोग्राफी करा, जिल्ह्याच्या ठिकाणी अर्धवट तपासतात.

उत्तर : डॉक्टरांनी योग्य तेच सांगितले आहे. तिशीच्या आतील स्त्रीला गाठ लागली, तर पहिली तपासणी सोनोग्राफीच असते. या वयात स्तन दाट असल्याने मॅमोग्रामवर फारसे कळत नाही आणि कारण नसताना किरण तरी का द्यावेत? सरकणारी, गुळगुळीत गाठ या वयात बहुतेक वेळा फायब्रोअॅडेनोमा नावाची साधी गाठ असते. मात्र सोनोग्राफीत तिच्या कडा अनियमित दिसल्या, ती झपाट्याने वाढली किंवा डॉक्टरांना शंका आली, तर सुईने तुकडा तपासावा लागेल आणि गरज पडल्यास मॅमोग्रामही काढला जाईल. तपासणीचा अहवाल जपून ठेवा. मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने तो फाडून टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रश्न (बीड) : माझी धाकटी जाऊ ३८ वर्षांची आहे. ती आणि माझे दीर दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, यंदाही मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. सप्टेंबरमध्ये तिच्या स्तनातील गाठीची तपासणी झाली. अहवालात ‘बाय-रॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी’ असे लिहिले आहे. सहा महिन्यांनी म्हणजे मार्चमध्ये ती उसाच्या फडात असेल आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावी येणार नाही. एक दिवस कामावर गेले नाही, तर खाडा धरतात. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्राचे मोल मला फार वाटते, कारण ‘सहा महिन्यांनी या’ असे लिहिताना समोरची स्त्री सहा महिन्यांनी कोठे असेल, हा प्रश्न आम्ही रेडिओलॉजिस्ट फार क्वचित विचारतो.

वर्ग ३ याचा अर्थ असा की त्या गाठीत कर्करोग असण्याची शक्यता दोन टक्के किंवा त्याहूनही कमी आहे. म्हणून लगेच सुई न घालता थोड्या काळाने तीच गाठ पुन्हा पाहायची आणि ती बदलली का, हे तपासायचे, अशी ही पद्धत आहे. सामान्यतः सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी ती पाहिली जाते. दोन वर्षे काही बदल झाला नाही, तर ती साधी मानली जाते. या पद्धतीची सारी सुरक्षितता त्या पुन्हा येण्यावर अवलंबून आहे. स्त्री परत आलीच नाही, तर ‘लक्ष ठेवू’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही, आणि गाठ दुखत नसेल तर ती अंगावर काढली जाते, हे आपण सगळे जाणतो.

तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत आणि त्यांचा विचार जाऊ निघण्यापूर्वीच व्हायला हवा. पहिला मार्ग असा की, फेरतपासणी कारखान्याच्या परिसरातील शहरात करायची. त्यासाठी सप्टेंबरमधील फिल्म, सीडी आणि अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यासोबत द्या. जुन्या चित्राशी तुलना केल्याशिवाय फेरतपासणीला काहीच किंमत नसते, नवी तपासणी मग पुन्हा पहिल्यापासूनच सुरू होते. दुसरा मार्ग म्हणजे डॉक्टरांना हंगामाचे वेळापत्रक स्पष्ट सांगून तारीख ठरवून घेणे. काही आठवडे पुढे-मागे चालेल का, हे गाठीचे स्वरूप पाहून तेच सांगू शकतील. तिसरा मार्ग लोकांना ठाऊक नसतो, म्हणून तो विशेष सांगते. रुग्ण वेळेवर परत येण्याची खात्री नसेल, तर वर्ग ३ च्या गाठीचीही बायोप्सी करून घेता येते आणि तसा विचार करणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे. जावेच्या बाबतीत मला हाच मार्ग अधिक बरा वाटतो. जाण्यापूर्वी उत्तर हाती आले, तर ती निर्धास्त मनाने जाईल, आणि उत्तर वाईट आले तर जाणे थांबवता येईल. डॉक्टरांना तुम्ही स्वतः, तिच्यासोबत जाऊन, हे विचारा.

फडात असताना गाठ वाढली, त्वचा आत ओढली गेली, बोंडातून रक्त आले किंवा काखेत गाठ लागली, तर कोणत्याही तारखेची वाट पाहू नये. एका दिवसाचा खाडा भरून काढता येतो. मुकादमालाही हे आधीच, चारचौघांत, सांगून ठेवावे.

प्रश्न (धाराशिव) : माझ्या पत्नीचे वय ५२ आहे. दोन महिन्यांपासून डाव्या स्तनात टणक गाठ आहे. मॅमोग्राफी व सोनोग्राफीत बाय-रॅड्स ५ आले आहे. बायोप्सी सांगितली, पण घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, सुई लागली की गाठ चवताळते आणि अंगभर पसरते. ओळखीच्या एका डॉक्टरांचे म्हणणे आहे की लहान शस्त्रक्रिया करून गाठच काढून टाकू, मग काय ते तपासू. त्यात एकच खर्च होईल.

उत्तर : दादा, या दोन्ही सल्ल्यांपैकी एकही ऐकू नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

सुईने रोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. तिचे कारणही समजण्यासारखे आहे. आपल्या भागात अनेक स्त्रियांची बायोप्सी होते, तेव्हा रोग आधीच पुढे गेलेला असतो, मग पुढच्या काही महिन्यांत प्रकृती ढासळते आणि दोष सुईवर येतो. सुई गेलेल्या मार्गावर सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी आढळू शकतात हे खरे आहे, पण त्यामुळे रोग पसरतो किंवा आयुष्य कमी होते, असे दिसून आलेले नाही. कोअर बायोप्सी ही जागा बधिर करून साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या सुईने, बहुधा सोनोग्राफीत पाहत पाहत केली जाते. गाठीचे तीन-चार बारीक तुकडे घेतले जातात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो.

चित्रावरून मिळते ती शक्यता. बाय-रॅड्स ५ मध्ये ती ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असते, तरीही ते निदान नव्हे. कर्करोग आहे का, कोणत्या प्रकारचा आहे, त्याच्या पेशींवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत का, हर-२ या प्रथिनाचे प्रमाण अधिक आहे का, हे त्या तुकड्यांवरूनच कळते आणि त्यावरच संपूर्ण उपचाराची आखणी उभी राहते. कोणाला आधी शस्त्रक्रिया लाभदायक ठरते, तर कोणाला आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान केली, तर स्तन वाचवता येतो. ज्यांना आधी केमोथेरपी द्यायची असते, त्यांच्या गाठीत सोनोग्राफीच्या मदतीने धातूची एक लहानशी खूण ठेवतात. कारण औषधाने गाठ पूर्ण विरघळली, तर ती नेमकी कोठे होती, हे शस्त्रक्रियेच्या वेळी कळले पाहिजे.

आता ‘आधी काढू, मग तपासू’ या सल्ल्याचा परिणाम पाहा. गाठ निघून गेली की तिचा आकार आणि तिची हद्द चित्रात पुन्हा दिसत नाही, कडेला रोग राहिला असेल तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि आधी औषध देऊन पाहण्याची संधी कायमची जाते. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला न पाठवल्याचेही प्रसंग घडतात. मग वर्षभराने त्याच जागी पुन्हा गाठ आलेल्या स्त्रीबाबत आधी काय होते, हे सांगायला कोणाकडेच कागद नसतो. एकच खर्च होईल, हा हिशेबही खरा ठरत नाही. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिओथेरपी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. तिच्या मंजुरीसाठी बायोप्सीचा अहवाल लागतो.

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा तुमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या बार्शीतील कर्करोग रुग्णालय यांपैकी जे सोयीचे असेल, तेथे पत्नीला याच आठवड्यात घेऊन जा. एका स्तनात गाठ असली, तरी दोन्ही स्तनांचा मॅमोग्राम आणि काखेची सोनोग्राफी झालेली आहे का, ते अहवालात पाहून ठेवा.

प्रश्न (नांदेड) : माझ्या आईला ३९ व्या वर्षी आणि मावशीला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मी ३१ वर्षांची असून मला दहा महिन्यांचे बाळ आहे. मी कोणती तपासणी करावी? अंगावर पाजत असताना तपासणी चालते का?

उत्तर : वर लातूरच्या ताईंना मी एमआरआय नको म्हटले, तुमच्या बाबतीत मात्र त्याचा विचार करायला हवा. आई आणि मावशी या दोघींना पन्नाशीच्या आत हा आजार झाल्याने बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतील आनुवंशिक दोषाची शक्यता पडताळली पाहिजे. शक्य असेल, तर ही रक्ततपासणी आधी आईची किंवा मावशीची करावी, कारण दोष त्यांच्यात सापडला, तरच तुमच्या तपासणीचा अर्थ नीट लावता येतो. ती करण्यापूर्वी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाशी बोलणे आवश्यक आहे. दोष आढळला किंवा हयातीतील जोखीम २० टक्क्यांहून अधिक निघाली, तर दरवर्षी एमआरआय आणि त्याच्या जोडीला मॅमोग्राफी करण्याची शिफारस आहे. अशा स्त्रियांचे एमआरआय २५ ते ३० या वयातच सुरू होते, म्हणजे तुमच्यासाठी ती वेळ आलेलीच आहे.

अंगावर पाजत असताना सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी दोन्ही करता येतात. तपासणीपूर्वी बाळाला पाजून किंवा दूध काढून स्तन रिकामे करून जावे, चित्र स्पष्ट येते. मॅमोग्राफीच्या किरणांचा दुधावर काही परिणाम होत नाही. एमआरआयमधील औषध दुधात उतरते ते अत्यल्प, त्यासाठी पाजणे बंद करण्याची गरज नसते. मात्र गर्भवती असताना ते औषध टाळतात. दूध येत असताना लागलेली प्रत्येक गाठ दुधाचीच असते, असे गृहीत धरू नका. दोन आठवड्यांत ती गेली नाही, तर सोनोग्राफी करा.

प्रश्न (जालना) : मी आशा स्वयंसेविका आहे. घरभेटीत स्त्रिया विचारतात, ताई, मॅमोग्राफी कोणत्या वयापासून करायची? काही जणी म्हणतात, मशीन असलेल्या शहरातल्या बायांनीच हे सगळे करावे. आम्ही नेमके काय सांगायचे? आणि क्ष-किरणांनीच कर्करोग होतो, असे कोणी म्हणाले तर?

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाला सरळ एका वयाचे उत्तर नाही, कारण देशोदेशीचे उत्तर वेगळे आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या कृती गटाने २०२४ साली ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी, असे सांगितले. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी प्रशिक्षित व्यक्तीने हाताने केलेली स्तनतपासणी आहे, सर्वांना मॅमोग्राफी नाही. याला केवळ पैशांची तंगी कारणीभूत आहे, असे समजू नये. आजाराचे प्रमाण जेथे कमी असते, तेथे सरसकट मॅमोग्राफीत खऱ्या रोगाच्या तुलनेत खोट्या शंका अधिक निघतात, आणि ग्रामीण भागात या कर्करोगाचे प्रमाण शहरांपेक्षा कमी आहे. बार्शीसह भूम आणि परंडा तालुक्यांतील गावांची कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे, म्हणून मराठवाड्याच्या सीमेवरच्या खेड्यांची ही माहिती आपल्याकडे आहे.

हाताने केलेली तपासणी कमी प्रतीची, असे मात्र कोणाला वाटू देऊ नका. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी मुंबईतील वस्त्यांमध्ये १९९८ साली सुरू केलेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुम्ही अवश्य लक्षात ठेवावा. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा त्यात समावेश होता. निम्म्या गटात प्रशिक्षित महिला आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात निदान झालेल्यांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये असा स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. हे काम तुमच्यासारख्या, वस्तीतल्या स्त्रियांशी बोलू शकणाऱ्या भगिनींच्या हातांनी झाले.

म्हणून घरभेटीत वयाचे कोष्टक सांगण्यापेक्षा दोन गोष्टींत फरक करायला शिकवा. काहीही त्रास नसलेल्या स्त्रीने उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात हाताने तपासणी करून घ्यावी. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली असेल, सोय व ऐपत असेल, तर डॉक्टरांशी बोलून दोन वर्षांनी एकदा मॅमोग्राफी करावी. पण जिला गाठ लागली आहे, बोंड आत ओढले गेले आहे किंवा बोंडातून रक्त येते आहे, तिच्यासाठी मॅमोग्राफी ही ऐच्छिक आरोग्यतपासणी उरत नाही. तिचे वय काहीही असो, तिला पाठवायलाच हवे. तुमच्या घरोघर भरायच्या अर्जात स्तनातील गाठीचा प्रश्न आहेच. तो पुरुषांसमोर विचारू नका, बाई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. आणि दुखत नाही म्हणजे काळजी नाही, हा समज तेथेच दूर करा, कारण कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. जगभरात त्याच वर्षी २३ लाखांपैकी मृत्यू ६ लाख ७० हजार होते. आपल्याकडचे हे प्रमाण इतके मोठे आहे, त्यामागे उशिरा होणारे निदान हे एक मोठे कारण आहे.

क्ष-किरणांविषयी : दोन्ही स्तनांच्या मॅमोग्राफीत शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट असतो. जमीन, हवा आणि आकाशातून प्रत्येकाला आपोआप मिळणाऱ्या किरणोत्सर्गापैकी तो साधारण दोन महिन्यांच्या वाट्याएवढा आहे. योग्य वयात यापासून होणारा धोका अत्यल्प आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : सगळ्या अवयवांचा एकदाच पेट स्कॅन केला, तर स्तनांची वेगळी तपासणी करावी लागणार नाही ना?

उत्तर : करावी लागेल. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर शिरेतून देऊन ती कोठे जास्त शोषली जाते, ते पाहतात. लहान आकाराचे आणि संथ वाढणारे कर्करोग त्यात निसटू शकतात आणि किरणोत्सर्ग मॅमोग्राफीच्या अनेक पट असतो. बायोप्सीने निदान झालेल्या, पुढच्या टप्प्यातील रोगाचा शरीरातील प्रसार पाहण्यासाठी तो आहे, निरोगी स्त्रीत रोग शोधण्यासाठी नाही.

प्रश्न (हिंगोली) : आमच्या बचत गटासाठी एका शिबिरात उष्णतेच्या कॅमेऱ्याने स्तनांची तपासणी झाली. हात लावत नाहीत, दाबत नाहीत, म्हणून बायका आनंदाने गेल्या. दोघींना ‘लाल’ आणि बाकीच्यांना ‘हिरवा’ अहवाल मिळाला. हिरवा अहवाल मिळालेल्या एकीला मात्र गाठ हाताला लागते. आता मॅमोग्राफीची गरज नाही, असे तिच्या घरचे म्हणतात.

उत्तर : ताई, थर्मोग्राफीत त्वचेच्या तापमानातील फरकाचे चित्र मिळते, स्तनाच्या आतील रचनेचे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की थर्मोग्राफी ही मॅमोग्राफीला पर्याय नाही. संकोच कमी होतो, म्हणून स्त्रिया येतात, ही गोष्ट मी मोलाची मानते आणि शिबिर भरवणाऱ्यांच्या हेतूवर शंकाही घेत नाही. पण या तपासणीच्या हिरव्या अहवालावर विसंबून कोणाचीही पुढील तपासणी थांबवता कामा नये. मॅमोग्रामही दर आठ कर्करोगांपैकी साधारण एक पाहू शकत नाही. हाताला गाठ लागत असताना मॅमोग्राम स्वच्छ आला, तरी आम्ही सोनोग्राफी करतो आणि शंका उरली, तर सुई वापरतो. मग त्वचेच्या तापमानावर कसे थांबायचे?

लाल अहवालाच्या दोघींनाही डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्यायला सांगा, त्यांत बहुधा काहीही निघणार नाही. परंतु गाठ असलेल्या त्या बाईला सगळ्यांच्या आधी न्या. घरच्यांना कॅमेऱ्याच्या चुका समजावत बसू नका, गाठ लागते आहे एवढेच कारण पुरेसे आहे. जिल्हा रुग्णालयातील शल्यचिकित्सकांकडे तिला दाखवा, तिचे वय तिशीच्या पुढे असेल तर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही लिहून मागा, आणि गटातील एखादी बाई सोबत पाठवा, म्हणजे अहवाल घेण्यासाठीची दुसरी खेप चुकणार नाही.